जबड्यापाशी तुटलं, असं मी लिहिलं

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा आला की आमच्या मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या गॅलऱ्यांतले कपडे दुपारच्या आत वाळतात. चार महिने दमट राहिलेले टॉवेल एकदम कडक होतात. जूनपासून फुगून बसलेलं कपाटाचं दार धक्का न देता लागतं. सकाळचं वर्तमानपत्र दुमडताना पुन्हा आवाज करायला लागतं. खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याला चिखलाचा वास कमी आणि खाराचा जास्त असतो. बायको म्हणते, काय उकडतंय. मी मान हलवतो. मला उकाड्याआधी बोटांना कळतं की हवेतलं पाणी कमी झालंय. ही सवय मला एका प्रयोगशाळेने लावली. ती इतक्या वर्षांत गेली नाही.

मी एका कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंग शिकवतो. पॉलिमर हा माझा विषय. दरवर्षी मुलांना सांगतो की स्टार्चच्या फिल्मवर हवेचा फार परिणाम होतो, दमट हवेत ती मऊ पडते, कोरड्या हवेत ताठ होते. हे शंभर टक्के खरं आहे. आणि ज्या एका मुलीशी खोटं बोलायला मी हेच वापरलं, ती दरवर्षी हे वाक्य उच्चारताना माझ्या समोरच्या बाकावर येऊन बसते.

आमच्या विद्यापीठातली ती लॅब तळमजल्यावर होती. दार उघडलं की ग्लिसरीनचा गोडसर, शिजवलेल्या पिठाचा आंबूस आणि गरम झालेल्या वायरचा असे तीन वास एकदम यायचे. स्टार्च पाण्यात शिजवायचं, त्यात दुसरं एक विरघळणारं पॉलिमर मिसळायचं, मिश्रण काचेच्या तावदानावर ओतून सपाट करायचं आणि वाट बघायची. आई कॉटनच्या साड्यांना खळ करायची तेव्हा पातेल्याच्या काठावर जो पापुद्रा धरायचा, तसाच हा पापुद्रा, फक्त मोठा आणि शहाणा. दुसऱ्या दिवशी काचेच्या कोपऱ्यात ब्लेडचं टोक घालून तो सोडवायचा. अख्खा निघाला तर लॅबमध्ये कुणी बोलायचं नाही, श्वासही जपून घ्यायचा. त्या निघण्याचा एक बारीक आवाज आहे. कुणी विचारलं संशोधनातलं सुख कोणतं, तर पुरस्कार वगैरे नाही, तो आवाज.

मग त्याच्या पट्ट्या कापायच्या, डमरूच्या आकाराच्या. दोन्ही टोकं रुंद, मध्ये कंबर बारीक. मशीनला वर-खाली दोन जबडे. टोकं जबड्यांत धरायची, मशीन चालू करायचं, पट्टी ताणत ताणत तुटते आणि किती ताकद लागली ते पडद्यावर येतं. पट्टी मध्ये कंबरेत तुटली तर तो आकडा खरा. जबड्यापाशी तुटली तर तो धरायचा नाही, कारण तिथे पट्टीला जबड्याने दुखावलेलं असतं, तो पदार्थाचा दोष नव्हे. वहीत त्या आकड्यापुढे ‘जबडा’ असं लिहायचं आणि सरासरीतून सोडून द्यायचा. हा जगभरचा नियम आहे आणि योग्य नियम आहे. फक्त कुठे तुटलं हे बघणारा आणि लिहिणारा माणूस एकच असतो.

मशीन राणेमामांच्या ताब्यात होतं. राणेमामा रत्नागिरीकडचे, लॅब असिस्टंट, पन्नाशी उलटलेले. पट्टी सरकू नये, दुखावू नये म्हणून ते जबड्यांना आतून बारीक पॉलिशपेपर चिकटवायचे आणि एक-दोन पट्ट्या जबड्यापाशी तुटल्या की पुटपुटत तो कागद बदलायचे. “जबड्यान काय घोडं मारलंन हो तुमचं?” ते पोरांना विचारायचे. “शिजवायचं धड येत न्हाय नि नाव माझ्या मशीनला.”

त्या साली पावसाळ्यात शहर बुडालं होतं आणि खापर फुटलं होतं प्लास्टिकच्या पिशव्यांवर. गटारं त्यांनीच तुंबवली, सगळे म्हणत होते. त्यामुळे मातीत विरघळणारी फिल्म करणारे आम्ही एकाएकी महत्त्वाचे झालो. इतकी वर्षं ज्या लॅबमध्ये कुणी चुकूनही यायचं नाही, तिथे पाहुणे यायला लागले. आमचे सर त्यांना काचेवरचा पापुद्रा दाखवायचे. सर हुशार होते, तापट होते आणि पाच वर्षांनी निवृत्त होणार होते. आयुष्यभर काम करून नाव झालं नाही, याची त्यांना बोच होती. ते कधी बोलले नाहीत. पण पाहुणे गेल्यावर ते काच पुन्हा एकदा पुसायचे.

ऑक्टोबरमध्ये मी जी फिल्म केली ती दिसायला फार देखणी झाली. पारदर्शक, सपाट, बोटांत कुरकुरणारी. सर म्हणाले, “मिलिंद, हीच. हिचे आकडे घे, परिषदेला पाठवू.” मी बारा पट्ट्या कापल्या. सात चांगल्या ताणल्या, इतक्या की मलाच हसू आलं. पाच अर्ध्या ताकदीतच तुटल्या. कंबरेत, मधोमध. फिल्मच्या पोटातच कुठे कुठे न विरघळलेल्या स्टार्चच्या गुठळ्या होत्या. डोळ्यांना दिसत नव्हत्या, ताण आला की फुटत होत्या. त्या पाच पट्ट्या सांगत होत्या की हा पदार्थ अजून झालेला नाही, वर्षभर काम बाकी आहे.

राणेमामा जेवायला गेले होते. सर दारात येऊन उभे राहिले. “काय म्हणतायत आकडे?”

मी म्हणालो, “चांगले आहेत सर. काही जबड्यात गेल्या.”

एवढंच. मी पुष्कळ वर्षं कारणं शोधली. फेलोशिप संपत आलेली, गिरगावची खोली सोडून मीरा रोडला आलेले आई-वडील माझ्याकडे बघतायत, मित्र सगळे नोकरीला लागलेले. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही खरं नाही. सर दारात उभे होते आणि त्यांचा चेहरा उजळलेला होता, तो मला विझवायचा नव्हता. ते वळले, मी पेन घेतलं आणि पाच आकड्यांपुढे पाच वेळा ‘जबडा’ लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

पुढचं सगळं आपोआप झालं. परिषदेत पारितोषिक, मग शोधनिबंध, मग विभागाच्या काचेच्या फलकात ‘आमची उपलब्धी’ या मथळ्याखाली माझा आणि सरांचा फोटो. पुढच्या नवरात्रात आमच्या सोसायटीने गरब्याच्या मांडवात शाल-नारळ दिला. सेक्रेटरींनी माईक घेतला, “ये अपने मिलिंदभाई. इन्होंने ऐसी थैली बनाई है के गाय खा जाए तो भी कुछ नहीं होगा.” टाळ्या पडल्या. मागून कुणी ओरडलं, “पहले सेक्रेटरीसाब को खिलाके देखो.” सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर आई शालीची घडी घालता घालता म्हणाली, “त्यात किलोभर कांदे राहतील का रे?”

मी म्हणालो, “आई, ते अजून संशोधन आहे.”

“नाही, सहज विचारलं,” आई म्हणाली. इतक्या लोकांनी ते काम तपासलं. तो प्रश्न फक्त तिने विचारला.

दीपाली आली ती याच्यानंतर. पेणकरपाड्याची. तिचे वडील महाडकडचे, भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करायचे. एमटेकला पहिली आलेली, बोलायला कमी, हाताने फार नीट. माझी पीएचडी संपत आली होती, पुढेही मी नोकरी लागेपर्यंत सरांच्या प्रोजेक्टवर तिथेच होतो. माझीच फिल्म पुढे नेणं हा तिचा विषय ठरला. तिला माझा आकडा पुन्हा मिळवून दाखवायचा होता. तिथून तिचं काम सुरू होणार होतं.

आकडा आला नाही. येणारच नव्हता.

पहिले सहा महिने ती मला हसत सांगायची, “दादा, तुमच्या हातात जादू आहे. माझ्या मधेच तुटतात.” संध्याकाळी स्टेशनवरून आम्ही एकाच शेअर रिक्षात बसायचो, ती पेणकरपाड्याला उतरायची. उतरेपर्यंत प्रश्न विचारायची. किती वेळ शिजवलंत, किती फिरवलंत, काच कशाने पुसलीत. मी सगळ्याची खरी उत्तरं द्यायचो. खरी उत्तरं देण्यात मी इतका तत्पर होतो की मलाच स्वतःचं कौतुक वाटायचं. मग तिचं हसणं थांबलं. ती रविवारीही लॅबला जायला लागली. सर आधी समजावायचे, नंतर चिडायला लागले. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, “मिलिंदने केलेलं तुला करता येत नाही. हाताला वळण लागतं, ते तुला नाही.” दीपालीने तावदान खाली ठेवलं आणि हात धुवायला गेली. ती बराच वेळ हात धूत होती.

राणेमामा त्याच सुमारास मला म्हणाले होते, “मिलिंद, पोर बरी शिजवते हां. मी बघतो ना.” मी म्हणालो, “हो, मेहनती आहे.” ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले आणि कागद बदलायला वळले.

एका रविवारी दुपारी तिने मला घरी जेवायला बोलावलं. पेणकरपाड्यात चाळीसारख्या खोल्या होत्या, आता तिथे टॉवर आहे. तिच्या आईने मांदेली तळली होती. वडील समोर मांडी घालून बसले होते. नखांच्या कडांत पॉलिशचं काळं कायमचं बसलेलं. ते जेवत नव्हते, माझं जेवण व्हायची वाट बघत होते. शेवटी म्हणाले, “सर, आमी काय शिकलेली मानसं न्हाय. पन एक विचारू? पोरीचं कुठं चुकतंय?”

“बाबा,” दीपाली म्हणाली.

“तू थांब. ताटाला डाग ऱ्हायला तर मी मशीनला नाय बोलत, हाताला बोलतो. तिची चूक असंल तर तसं सांगा. मी तिला सांगंन, सोड, नोकरी बघ. दोन वरसं झाली, पोर झोपत नाय.”

खरं बोलायला याहून चांगली जागा मला आयुष्यात मिळाली नाही. खोलीत चार माणसं होती. कुणी मला जिवे मारणार नव्हतं. मी बोट चाटलं आणि म्हणालो, “तिची चूक नाही काका. हवेचं आहे. ही फिल्म हवेतलं पाणी पिते. माझी झाली तेव्हा ऑक्टोबर होता, हवा कोरडी होती. येता ऑक्टोबर येऊ दे.”

त्यांचा चेहरा सैल झाला. “मंजी पोरीचं न्हाय,” ते बायकोला म्हणाले. “हवेचं हाय.” आणि मग त्यांनी स्वतःचं ताट ओढलं.

दीपालीने ते ऐकलं आणि ती ऑक्टोबरची वाट बघत बसली नाही. तिने हवाच डब्यात घालायची ठरवली. पाण्यात विशिष्ट क्षार विरघळायचा थांबेपर्यंत घालून बंद डब्यात ठेवला, की डब्यातली हवा कायम ठरावीकच दमट राहते, बाहेर पाऊस असो की ऊन. लॅबचा तसा डबा मोडका होता. तिच्या वडिलांनी गाळ्यातून एक मोठा स्टीलचा डबा आणला, त्याचं झाकण ठोकून, घासून इतकं चपखल बसवलं की उघडताना फस्स आवाज यायचा. त्यावर त्यांनी मशीनने तिचं नाव कोरलं होतं. पोरं चेष्टा करायची, दीपाली लग्नाला डबा घेऊन जाणार. तीही हसायची. त्या डब्यात तिने माझ्या ऑक्टोबरची हवा तयार केली. पट्ट्या आठवडाभर त्यात ठेवल्या. काढल्या, ताणल्या. काही चांगल्या ताणल्या, काही अर्ध्यात तुटल्या. मधोमध. माझ्या बारा पट्ट्यांसारख्याच, जवळजवळ त्याच प्रमाणात.

म्हणजे तिने माझा प्रयोग हुबेहूब करून दाखवला होता. लॅबच्या इतिहासात इतकं नेमकं काम कुणी केलं नसेल. हे त्या इमारतीत एकट्या मला कळलं, असं मी समजत होतो.

ती माझ्या टेबलापाशी आली. “दादा, हवेचं नाहीये.”

मी समोरचं पुस्तक मिटलं.

“तुमच्या तुटलेल्या पट्ट्यांची पाकिटं असतील ना? मला फक्त कुठे तुटल्यात ते बघायचंय.”

लॅबची पद्धत होती, तुटलेले तुकडे पाकिटात घालून तारीख टाकून ठेवायचे. माझी पाकिटं माझ्या गुडघ्याशी, खालच्या खणात होती. “फेकली गं,” मी म्हणालो. “जागा कुठे होती.” ती बरं म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं वाक्य खरं केलं.

त्यानंतरच्या ऑक्टोबरमध्ये तिचा प्रगतीचा सेमिनार झाला. समितीचे तीन जण, सर आणि मागे आम्ही काही जण. तिने डब्याचे आकडे मांडले आणि शांतपणे म्हणाली की या पदार्थाची ताकद छापलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी असावी. सरांचा चेहरा लाल झाला. ते वळून मला म्हणाले, “मिलिंद, तुझे आकडे आले होते ना?” मी म्हणालो, “हो सर.” दोन शब्द. तेही खोटे नव्हते. आकडे आलेच होते.

तिच्या फाइलवर ‘असमाधानकारक’ असा शेरा पडला. दोन महिन्यांनी तिने नोंदणी सोडली. मला त्याच वर्षी कायमची नोकरी लागली, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्या फिल्मवर होता.

पदार्थ पुढे कुठे गेला, असं विचाराल तर कुठेच नाही. एका कारखान्याने नमुने नेले, त्यांच्या पिशव्या फाटल्या, त्यांनी कळवलंही नाही. इतर देशांत कुणी कुणी तो निबंध वाचून तसं करायला गेले असतील, त्यांच्याही मधोमध तुटल्या असतील, त्यांनीही स्वतःच्या हाताला दोष दिला असेल. किती जण, ते मला कधी कळणार नाही. सर गेले. शोकसभेत त्या कामाचा उल्लेख तीन वक्त्यांनी केला. मी चौथा वक्ता होतो.

गेल्या महिन्यात विभागातून फोन आला. आताचे विभागप्रमुख मला ज्युनियर होते. म्हणाले, “सर, उपलब्धींची यादी नव्याने करतोय. तुमची फिल्म पहिल्या पानावर घेतोय. दोन ओळी लिहून द्या.” मी तेव्हाच सांगितलं. फोनवरच, आवाज न चढवता, पाच पट्ट्यांचं सगळं. ते हसले, कसंनुसं. “सर, तुम्ही फार मनाला लावून घेता. त्या काळी सगळेच एखाद-दुसरा आकडा सोडायचे. आणि तपासणी समिती येतेय हो पुढच्या महिन्यात. आत्ता कुठे हे काढताय.” मी लेखी पाठवलं. उत्तर आलं नाही. यादी छापून आली, फिल्म पहिल्या पानावर आहे. ज्या नियतकालिकात निबंध आला होता ते केव्हाच बंद पडलंय. एखादी गोष्ट मागे घ्यायची तर ती कुणाकडून तरी घ्यावी लागते. माझ्या बाबतीत तसं कुणी उरलेलं नाही.

एक सोडून. दीपाली भाईंदर पश्चिमेला मोरव्यात राहते हे मला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं. लग्न होऊन ती तिथे गेली, घराच्या पुढच्या खोलीत नववी-दहावीच्या मुलांना सायन्स शिकवते. गेल्या रविवारी दुपारी गेलो. बाहेर उन्हात कुणी सुकट वाळत घातली होती. दारात चपलांसाठी फळी, आत दोन बाक. केस माझ्याइतकेच पिकलेत तिचे. “या दादा,” म्हणाली, जसं काही मी परवाच येऊन गेलोय. बाकावर पेपरांचा गठ्ठा होता, ती तपासत होती.

मी पाठ करून गेलो होतो तसं काही बोलता आलं नाही. म्हणालो, “दीपाली, त्या पाच पट्ट्या जबड्यात तुटल्या नव्हत्या.”

तिने हातातला पेपर पुरा तपासला. मार्क दिले. मग म्हणाली, “माहितीये.”

“कधीपासून?”

“राणेमामांनी सांगितलं होतं, सेमिनारच्या आधी. म्हणाले, त्या आठवड्यात मी जबड्याचा कागद एकदाही बदलला नाय. पाच पट्ट्या तिथे तुटल्या असत्या तर बदलला नसता का.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? लॅब असिस्टंट म्हणतो म्हणून? तुमची वही, तुमचं अक्षर.” ती लाल पेनचं टोपण लावत होती, काढत होती. “आणि ते मी सांगून उपयोग नव्हता दादा. ते तुम्हीच सांगायचं होतं.”

मी म्हणालो की मी हे लिहिणार आहे, छापायला देणार आहे. तिने विचार केला. “लिहा. नाव बदला माझं. बाबा वाचत नाहीत, पण शेजारी वाचून दाखवतील. ते अजून सगळ्यांना सांगतात, पोरीची हवेनं पीएचडी गेली. तेवढं राहू दे त्यांना.” मी मान हलवली. नावं बदलली आहेत, माझंसुद्धा. माझं नाव लपवणंही आता तिच्यावर ढकलता येईल, हा विचार तिथेच माझ्या मनात येऊन गेला.

बाहेर मुलं जमायला लागली. फळीवर चपला पडत होत्या. मी उठलो. तिने गठ्ठ्यातला पुढचा पेपर ओढला आणि खाली बघतच म्हणाली, “सेमिनारला सरांनी तुम्हाला विचारलं, तुम्ही हो म्हणालात. आणि मग एक मिनिटाने तुम्ही उठून उभे राहिलात.”

“मी?”

“हो. मला वाटलं, आता सांगतायत. मला सरांचंच वाईट वाटायला लागलं, सगळ्यांसमोर त्यांचं काय होईल म्हणून.” तिने पेपर उलटला. “तुम्ही भिंतीपर्यंत गेलात, पंखा मोठा केलात आणि जागेवर येऊन बसलात.”

मला तो पंखा आठवत नाही. घरी येऊन पुष्कळ आठवून पाहिलं. समितीचे चेहरे आठवतात, सरांचा घाम आठवतो, तिच्या शेवटच्या स्लाइडवरचा आलेख जसाच्या तसा आठवतो. मी उठलो होतो, हे मात्र कुठेच सापडत नाही. त्या खोलीत एक मिनिटभर मी बोलणारा माणूस होतो, आणि तो फक्त तिने पाहिलाय.